जुन्या गाडीच्या कमानपाट्यांना वंगण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या जुन्या गाड्यांचा सगळा भार एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) असतो, त्यांच्या मालकांकडून आणि गाडी हाताळणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गाडीचं मूळ माहितीपुस्तक हाताशी असेल आणि त्यात वेगळं सांगितलं असेल, तर पुस्तकाचं ऐकावं.

पाट्यांना वंगण लागतंच कशाला?

पाट्यांची थप्पी दबते तेव्हा प्रत्येक पाटा थोडा सरळ होतो आणि शेजारच्या पाट्यावर सरकतो. मधोमध, जिथे यू-बोल्टने थप्पी एक्सलला आवळलेली असते, तिथे हे सरकणं शून्य असतं. टोकाकडे जावं तसं ते वाढत जातं. दाबही टोकालाच सर्वांत जास्त, कारण आखूड पाटा आपला भार वरच्या लांब पाट्याला टोकानेच देतो. म्हणजे घासणं आणि दाब दोन्ही एकाच जागी, पाट्याच्या शेवटच्या दोन-तीन इंचांत.

ती जागा कोरडी राहिली की आधी तांबूस-तपकिरी भुकटी दिसते. ती घासून निघालेल्या लोखंडाचा गंज असते आणि स्वतःच पॉलिश पेपरसारखं काम करते. मग आखूड पाट्याचं टोक वरच्या पाट्याच्या पोटात खाच पाडतं. खाच झाली की टोक तिच्यात अडकतं, सरकण्याऐवजी पायरीवर चढल्यासारखं उडी मारतं, आणि पाटा तिथे पातळ होऊन कधीतरी तडकतो. दुसरीकडे गंज फुगतो. मूळ लोखंडापेक्षा तो कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे पाटे एकमेकांपासून फाकतात आणि त्या फटींत आणखी पाणी साठतं.

माझे पाटे कोरडे पडलेत हे कसं ओळखू?

आवाजावर विसंबू नका. पूर्ण गंजून जाम झालेली थप्पी अगदी गप्प असते, कारण ती हलतच नाही. त्यापेक्षा टेप घ्या आणि मोजा.

गाडी सपाट जागेवर उभी करा, टायरची हवा बरोबर करा. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं आहे. दोघांनी मिळून तो कोपरा खाली दाबा, आणि हात एकदम न काढता हळूहळू सैल सोडा. गाडी जिथे थांबेल तिथलं अंतर लिहून घ्या. आता तोच कोपरा वर उचला, तसाच हळू सोडा, पुन्हा मोजा. पाटे मोकळे असतील तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. घर्षण जितकं जास्त तितका फरक जास्त. आमचा अंदाज असा: १० मिमीच्या आत फरक असेल तर काळजी नाही, २५ मिमीच्या वर गेला तर थप्पी खोलायची वेळ आली. मधल्या गाड्यांना जागेवरच वंगण देऊन पाहावं. चारही कोपऱ्यांचे आकडे वहीत लिहून ठेवा, वंगण दिल्यावर तीच मापं पुन्हा घ्यायची आहेत.

चालवतानाही कळतं. मोठ्या खड्ड्यात गाडी दबते पण बारीक खडबडीत रस्त्यावर दातांवर दात आपटतात, असं होत असेल तर पाटे छोट्या धक्क्यांना हलत नाहीत आणि गाडी नुसत्या टायरवर उड्या मारते आहे.

पाटे कोरडेच ठेवावेत, घर्षण हवंच असतं, असंही ऐकलंय. खरं काय?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणून इथे जरा थांबून विचार करायला हवा.

सुरुवातीच्या अनेक गाड्यांना शॉकअब्सॉर्बर नव्हतेच. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीला पुढे एक आणि मागे एक असे आडवे पाटे होते आणि कारखान्यातून शॉकअब्सॉर्बर मिळत नव्हते. अशा गाडीत खड्ड्यानंतरचं डोलणं थांबवण्याचं काम पाट्यांमधलं घर्षणच करतं. तरीही फोर्डच्याच सूचना अशा होत्या की पाट्यांची टोकं फाकवून मध्ये तेल किंवा ग्राफाइट घालत राहावं. कारण साधं आहे: गंजलेल्या पोलादाचं घर्षण एकसारखं नसतं. ते आधी पकडून ठेवतं आणि मग झटक्याने सोडतं. वंगण लावलेल्या पाट्यांतही घर्षण उरतंच, पण ते सारखं आणि अंदाज येण्याजोगं असतं.

पुढे हार्टफोर्डसारखे चकत्यांचे घर्षण-शॉकअब्सॉर्बर आले, नंतर हूडेलसारखे तेलाचे. ज्या गाडीला असे वेगळे शॉकअब्सॉर्बर आहेत आणि ते चालू स्थितीत आहेत, तिचे पाटे मोकळे ठेवण्यात तोटा काहीच नाही. शॉकअब्सॉर्बर रिकामे किंवा झिजलेले असतील तर मात्र आधी ते दुरुस्त करा. नाहीतर वंगण दिल्यावर गाडी होडीसारखी डोलू लागेल आणि दोष वंगणाला जाईल.

एक गोष्ट ठाम सांगतो: चकत्यांच्या घर्षण-शॉकअब्सॉर्बरला तेलाचा थेंबही लागू देऊ नका. पाट्यांवर फवारा मारताना त्यांच्यावर पिशवी बांधा.

कोणतं वंगण वापरावं?

टोकाशी दाब इतका असतो की साधं ग्रीस पिळून बाहेर पडतं. म्हणून असं वंगण हवं, ज्यातलं द्रव निघून गेलं तरी मागे काहीतरी घन थर उरेल. ग्राफाइट ग्रीस किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं ग्रीस, दोन्ही चालतात. मॉलीचं प्रमाण ३ टक्के किंवा त्याहून जास्त असलेलं घ्या. थप्पी उतरवून लावणार असाल तर नेहमीच्या २ नंबरच्या घट्टपणाचं ग्रीस बरोबर. जागेवरच फटीत घालायचं असेल तर ते आत जात नाही. अशा वेळी त्यात थोडं गिअर ऑइल घोटून श्रीखंडाइतकं पातळ करा.

कोरडी ग्राफाइट पूड नुसती वापरू नका. ग्राफाइट, पोलाद आणि खारं पाणी एकत्र आलं की पोलाद लवकर गंजतं. तेलाच्या किंवा ग्रीसच्या आवरणात असलेलं ग्राफाइट हा त्रास देत नाही.

लॅनोलिनवर (मेंढीच्या लोकरीतल्या मेणावर) आधारलेले फवारे पाणी रोखायला फार चांगले, भार सोसायला मध्यम. वर्षातले बरेच महिने झाकून उभ्या राहणाऱ्या गाडीला ते योग्य आहेत.

गिअर ऑइलबद्दल एक सावधगिरी. हायपॉइड (मागच्या एक्सलमधल्या) गिअरसाठीच्या आधुनिक जीएल-५ दर्जाच्या तेलात गंधकयुक्त रसायनं असतात आणि त्यांतली काही पितळ-कांस्याला खातात. शॅकलमध्ये (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या डुलत्या कडीत) कांस्याचे बुश (पिनभोवतीच्या नळ्या) असतील तर जीएल-४ किंवा त्याहून सौम्य तेल घ्या.

डब्ल्यूडी-४० मारलं तर चालेल ना? आणि इंजिनमधून काढलेलं जुनं तेल?

डब्ल्यूडी-४० आणि तत्सम फवारे गंजात शिरायला आणि पाणी हटवायला चांगले. पण वंगण म्हणून ते काही दिवसच टिकतात, शिवाय आधीचं ग्रीस धुऊन टाकतात. करकर दोन दिवस थांबते आणि मग जास्त जोराने येते. ते पहिली पायरी म्हणून वापरा, शेवटची म्हणून नाही.

इंजिनचं काढलेलं तेल पूर्वी सर्रास लावलं जायचं. त्यात आम्लं, काजळी आणि धातूचे कण असतात, ते त्वचेला घातक आहे आणि जमिनीवर ठिबकत राहतं. चांगल्या ग्रीसचा एक डबा वर्षानुवर्षं पुरतो, मग हे कशाला?

पाटे न उतरवता वंगण कसं द्यायचं?

याच कामात सर्वांत जास्त चुका होतात. मुख्य चूक म्हणजे गाडी चाकांवर उभी असतानाच वंगण द्यायला जाणं. तेव्हा टोकं पूर्ण भाराने दाबलेली असतात आणि आत काहीच शिरत नाही.

उलट्या टोकाच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. जॅक चासीखाली लावा, एक्सलखाली नाही. गाडी इतकी उचला की चाकं अधांतरी लोंबतील. मग चासीखाली मजबूत घोड्या (जॅक स्टँड) द्या आणि भार त्यांच्यावर सोडा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका. एक्सल लोंबताना ब्रेकच्या नळ्या किंवा वायर ताणल्या जात नाहीत ना, हे आधी पाहा.

आता एक्सलच्या वजनाने पाटे उलट्या दिशेला ओढले जातात आणि टोकांशी बारीक फट दिसते. चिखल आणि जुनं कडक ग्रीस खरवडून काढा, वायर ब्रश मारा, चिंधी आणि रॉकेलने पुसा. पाण्याचा जोरदार फवारा इथे नको. तो कचरा आणि पाणी थेट पाट्यांमध्ये ढकलतो. टायर आणि ब्रेक ड्रम जुन्या चादरीने झाका.

कडांवरून भेदक तेल (गंजात शिरणारं पातळ तेल) सोडा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी थप्पीला धरून ठेवणाऱ्या क्लिपांचे बोल्ट ढिले करा. मग प्रत्येक टोकाशी पाटे फाकवा. यासाठी सी-क्लॅम्पसारखं, दोन पाचरी असलेलं खास हत्यार मिळतं आणि ते घेण्यासारखं आहे. नसेल तर रुंद, बोथट केलेला स्क्रू-ड्रायव्हर टोकाच्या बाजूने हलकेच ठोका. धारदार छिन्नी अजिबात नको. पाट्याच्या कडेला पडलेला छोटासा ओरखडा म्हणजे पुढच्या तड्याची सुरुवात. २ ते ३ मिमी फट पुरेशी आहे, जास्त फाकवण्याचा हट्ट नको.

ग्रीस आत न्यायला दात घासून काढलेलं हॅक्सॉ ब्लेड उत्तम. ब्लेडच्या टोकावर ग्रीसची पातळ वडी घ्या, फटीत सारा, वरच्या पाट्याला पुसल्यासारखं करत बाहेर ओढा. असं दोन्ही कडांनी, प्रत्येक टोकाला तीन-चार वेळा. ब्लेड बाहेर येताना लाल चिखल घेऊन येत असेल तर ब्लेड पुसत राहा आणि काळं स्वच्छ ग्रीस परत येईपर्यंत थांबू नका. टोकापासून आत ७-८ सेंटीमीटर वंगण पोचलं तर काम झालं.

फटी मिटवा, बाहेर आलेलं ग्रीस पुसून घ्या, क्लिपा परत लावा, गाडी खाली घ्या. प्रत्येक कोपरा वीस-पंचवीस वेळा दाबा, १०-१५ किलोमीटर फिरवून आणा आणि बाहेर पिळून आलेलं पुन्हा पुसा. थप्पीवर बाहेरून ग्रीसचा जाड लेप ठेवण्यात अर्थ नाही. तो धूळ धरतो आणि तीच धूळ आत जाते.

पाटे फाकतच नाहीत. आता?

गंजाने चिकटले आहेत. भेदक तेल रोज एकदा, असं तीन-चार दिवस सोडा, आणि मधल्या काळात गाडी थोडी चालवा. तेल झिरपवण्याचं खरं काम पाट्यांची हालचाल करते, नुसतं भिजत ठेवून ते होत नाही. चिकटलेल्या टोकाच्या बाजूवर तांब्याच्या किंवा लाकडी हातोडीने ठोकून पाहा. ज्योतीने तापवू मात्र नका. कमानपोलादाची ताकद त्याच्या पाणी देण्यात आहे. एका जागी तापवलं की तिथला ताव उतरतो आणि पाटा तिथेच वाकतो किंवा तुटतो. हाच नियम वेल्डिंगलाही. तुटलेला पाटा जोडून चालवणं म्हणजे एक्सल कधी सरकेल याची वाट पाहणं.

चार-पाच दिवसांनीही हलत नसतील तर थप्पी उतरवावीच लागेल.

थप्पी खोलताना काय सांभाळायचं?

सर्वांत आधी, सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) नुसता सोडवू नका. प्रत्येक पाट्याची कमान वेगळी असते, आखूड पाटा जास्त वळलेला. बोल्ट आवळला की ते सगळे जबरदस्तीने एकमेकांना चिकटतात. त्या ताणातून पाटे झटक्यात उघडले तर बोट जाऊ शकतं. थप्पी मोठ्या व्हाइसमध्ये मधोमध धरा, किंवा दोन दणकट जी-क्लॅम्प सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना लावा, मग बोल्ट काढा आणि क्लॅम्प आळीपाळीने थोडे थोडे सैल करा.

खोलण्यापूर्वी थप्पीच्या बाजूवर रंगाची तिरकी रेघ मारा, म्हणजे क्रम आणि दिशा दोन्ही कळतील. पंचाने खुणा करू नका. डाव्या-उजव्या थप्प्या वेगळ्या असू शकतात, चालकाच्या बाजूची बरेचदा थोडी जास्त कमानीची असते, म्हणून त्यांची सरमिसळ नको.

साफसफाई वायर ब्रशने किंवा वायरच्या चाकाने. आम्लात बुडवून गंज काढणं किंवा विजेवर जस्त-क्रोम चढवणं टाळा. त्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि इतकं कडक पोलाद ठिसूळ होऊन अचानक तुटू शकतं.

मग प्रत्येक पाटा उजेडात निरखा. सेंटर बोल्टच्या भोकाभोवती, क्लिपेच्या जागी, आणि खालच्या पाट्याचं टोक जिथे टेकतं तिथे. तडे शोधायला लाल रंगाचं डाय-पेनेट्रंट किट वापरा, नुसत्या डोळ्यांना बारीक तडा दिसत नाही. तडा दिसला तर पाटा बदला. टोकाने पाडलेली खाच नखाला जेमतेम लागत असेल तर तिच्या कडा उतरवून गुळगुळीत करता येतात. खाच खोल असेल तर पाटाच बदलणं शहाणपणाचं. घासताना कानस किंवा ग्राइंडर पाट्याच्या लांबीच्या दिशेनेच फिरवा. आडवे ओरखडे म्हणजे तड्यांना आमंत्रण. आखूड पाट्यांच्या टोकांच्या वरच्या कडाही किंचित गोल करा, म्हणजे ते पुन्हा खोदणार नाहीत.

सुटे पाटे एकमेकांवर ठेवल्यावर मध्ये फट दिसते. तो दोष नाही आणि ठोकून सरळ करायची गोष्ट तर मुळीच नाही. याच फटीमुळे आवळल्यावर टोकं घट्ट बसतात आणि भार वाटला जातो.

एका थप्पीला किती ग्रीस लागतं?

लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी. सुमारे ५० मिमी रुंद, मुख्य पाटा एक मीटरचा, आठ पाट्यांची थप्पी धरा. सात जोड झाले. प्रत्येक जोडाची सरासरी लांबी ७० सेंटीमीटर आणि थर ०.२ मिमीचा धरला तर एका जोडाला ७ घनसेंटीमीटर, म्हणजे पूर्ण थप्पीला ५० च्या आसपास. पाव किलोच्या डब्यात चार थप्प्या आरामात होतात. जागेवर वंगण देताना याचा तिसरा हिस्साही लागत नाही.

थर दोन्ही पृष्ठांवर ब्रशने लावा. मधली जागा, म्हणजे यू-बोल्टखालचा भाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे ५ सेंटीमीटर, कोरडी सोडा. तिथे पातळ प्रायमर पुरे. तिथे सरकणं नसतंच, उलट आवळलेल्या पाट्यांच्या पकडीवरच ब्रेकचा झटका सोसला जातो. ग्रीस असेल तर ते पिळून निघतं, थप्पी पातळ होते आणि यू-बोल्ट ढिले पडतात. मग सगळा भार एकट्या सेंटर बोल्टवर येतो आणि तो कापला जातो.

यू-बोल्ट आणि क्लिपा किती आवळाव्यात?

यू-बोल्ट: माहितीपुस्तकातल्या टॉर्कप्रमाणे, कोपऱ्याविरुद्ध कोपरा असं टप्प्याटप्प्याने, शेवटची आवळणी गाडीचा भार पाट्यांवर असताना. नट नवे वापरा, ताणलेले जुने यू-बोल्टही टाकून द्या. १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, ५०० नंतर आणखी एकदा.

क्लिपा: त्यांचं काम पाटे आडवे पसरू न देणं आणि चाक खाली लोंबताना सगळा ताण मुख्य पाट्यावर येऊ न देणं एवढंच. पाटे त्यांच्यातून सरकले पाहिजेत. क्लिपेच्या बोल्टवरची, दोन बाजूंत अंतर राखणारी नळी हरवली असेल आणि क्लिप करकचून आवळली असेल तर कितीही वंगण द्या, थप्पी अडकलेलीच राहणार. बोल्टचं डोकं चाकाकडे आणि नट आतल्या बाजूला ठेवा. बोल्टचं आटे असलेलं टोक टायरकडे राहू नये म्हणून.

शॅकल पिनमध्ये ग्रीस जातच नाही.

भार असताना पिन एका बाजूला दाबलेली असते आणि ग्रीसची वाट बंद होते. चासीखाली जॅक लावून भार उतरवा, मग ग्रीस गन मारा. तरीही जात नसेल तर निपल (गन जिथे लावतात ते तोंड) काढा. निपलच बंद असेल तर नवं लावा. निपल ठीक असेल तर पिनमधलं भोक कडक झालेल्या ग्रीसने भरलंय. बारीक तारेने किंवा हाताने फिरवलेल्या ड्रिल बिटाने साफ करा, भेदक तेल सोडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा. ग्रीस दोन्ही बाजूंनी बाहेर आलं पाहिजे. एकाच बाजूने येत असेल तर दुसरी बाजू कोरडी झिजते आहे.

शॅकलचे नट असे आवळावेत की बाजूचा खुळखुळ जाईल, पण शॅकल मोकळेपणी डुलेल. जाम आवळलेलं शॅकल पाट्याला लांब होऊच देत नाही आणि मालक बिचारा पाट्यांना दोष देत राहतो.

बुश रबराचे असतील तर?

पेट्रोलियमचं ग्रीस किंवा तेल नको, नैसर्गिक रबर फुगून मऊ होतं. धातूच्या दोन नळ्यांमध्ये चिकटवलेल्या रबराच्या बुशला वंगण लागतच नाही, तो पिळला जाऊनच हलतो. त्याचा बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा. अधांतरी आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. सुटे रबर बुश बसवताना सिलिकॉन ग्रीस किंवा ब्रेकसाठीचं लाल रबर ग्रीस चालतं. पाट्यांवर तेल फवारताना हे बुश झाकायला विसरू नका.

चामड्याच्या खोळी लावाव्यात का?

ज्या गाडीला त्या मुळात होत्या तिला जरूर. चामड्याच्या, आत ग्रीस भरलेल्या आणि दोरीने शिवलेल्या खोळींमुळे पाटे वर्षानुवर्षं ओले राहतात. वेफको या कंपनीच्या खोळी त्या काळच्या महागड्या गाड्यांवर नेहमी दिसायच्या.

अट एकच: आतले पाटे स्वच्छ आणि वंगण दिलेले असले पाहिजेत. गंजलेल्या थप्पीवर नवी खोळ चढवणं म्हणजे ओल आत कोंडून ठेवणं. खोळीला निपल असेल तर वर्षातून एक-दोनदा गनचे मोजके झटके द्या. शिवणीतून ग्रीस दिसू लागलं की थांबा, जोर लावला तर शिवण फाटते. चामडं बाहेरून कोरडं पडू देऊ नका, आणि कुठे फाटलं असेल तर लगेच बदला, कारण फाटलेली खोळ पाणी आत घेते पण बाहेर सोडत नाही.

खोळ नको असेल तर गंजरोधक पेट्रोलेटम टेप गुंडाळता येते. दिसायला साधी, कामाला चोख.

पाट्यांमध्ये प्लास्टिकच्या पट्ट्या घातल्या तर?

टेफ्लॉनसारख्या पट्ट्या पाटे खोलून घालता येतात आणि ग्रीसचा राडा वाचतो. पण खाचा पडलेल्या पाट्यांवर त्या लगेच कातरल्या जातात, म्हणून पृष्ठं आधी गुळगुळीत हवीत. मधल्या भागात पट्टी नको, तिथे ती दबून यू-बोल्ट ढिले होतात. घर्षण बरंच घटतं, त्यामुळे ज्या गाडीला शॉकअब्सॉर्बर नाहीत तिला आम्ही त्या सुचवत नाही. ज्या थप्पीत कारखान्यातूनच रबराच्या किंवा जस्ताच्या गाद्या आहेत, तिथे गाद्या चांगल्या ठेवा. रबराच्या गाद्यांना तेल लावू नका.

आडव्या पाट्यांना किंवा पाव-कमानीला काही वेगळं करावं लागतं?

तत्त्व तेच, जागा वेगळी. मॉडेल टीसारख्या आडव्या पाट्यात दोन्ही टोकं चाकांजवळ असतात, ब्रेकच्या जवळ, म्हणून पुसणं जास्त काळजीने करा. ऑस्टिन सेव्हनच्या मागे पाव-कमानी आहेत. त्यांचं जाड टोक चासीत घट्ट बसलेलं असतं आणि पातळ टोक एक्सलला. तिथे वंगण पातळ टोकाच्या बाजूला द्यायचं, जाड टोकाची पकड कोरडीच ठेवायची. वर-खाली दोन कमानी असलेल्या पूर्ण लंबगोल पाट्यांत टोकांचे सांधे विसरले जातात, ते आठवणीने पाहा.

वंगण दिल्यावर गाडी खाली बसली. काही बिघडलं का?

बहुधा नाही. गंजाने अडकलेली थप्पी गाडीला खोट्या उंचीवर धरून होती. ती सुटली आणि पाट्यांची खरी स्थिती दिसली. दोन्ही बाजूंना सारखीच घट असेल तर काही किलोमीटर चालवून पुन्हा मोजा. एकाच बाजूला जास्त बसली असेल, किंवा एक्सल रबराच्या थांब्याला टेकू लागला असेल, तर पाटे थकले आहेत किंवा एखादा तुटला आहे. थकलेल्या पाट्यांना पुन्हा कमान देण्याचं काम भट्टी आणि पाणी देण्याची सोय असलेल्या कारखान्यातच करून घ्या. थंड ठोकून दिलेली कमान टिकत नाही.

वंगण देऊनही करकर येते आहे.

आवाजाची जागा शोधायला साधं पाणी वापरा. एक जण गाडी दाबत राहील, दुसऱ्याने बाटलीने एका वेळी एकाच जागी पाणी सोडावं: आधी एका टोकाशी, मग शॅकलवर, मग बुशवर, मग क्लिपेवर. जिथे पाणी पडताच आवाज थांबतो ती जागा दोषी. रबराच्या बुशसाठी साबणाचं पाणी जास्त स्पष्ट उत्तर देतं. शोध संपला की ती जागा पुसून वाळवा आणि लगेच वंगण द्या.

आवाज करकर नसून ‘टक’ असा येत असेल तर वंगणाचा प्रश्नच नाही. झिजलेली पिन, सैल यू-बोल्ट किंवा तुटलेला सेंटर बोल्ट शोधा. एक्सल एका बाजूला किंचित मागे सरकलेला दिसला तर सेंटर बोल्ट तुटला आहे. गाडी तिथेच उभी करा.

हे सगळं किती दिवसांनी करायचं?

उघड्या पाट्यांना दर १,५०० ते २,००० किलोमीटरनंतर, आणि गाडी कमी चालत असली तरी वर्षातून दोनदा: पावसाच्या दिवसांआधी आणि नंतर. पाण्यातून गाडी गेली तर वाट न पाहता. शॅकल पिनांना त्या काळच्या गाड्यांत साधारण ८०० किलोमीटरला गन मारायची पद्धत होती, तीच ठेवा. बिजूरसारखी, एका पंपाने सगळीकडे तेल पोचवणारी व्यवस्था असेल तर पंप मारल्यावर प्रत्येक सांध्यावर तेल खरंच येतंय का ते वर्षातून एकदा खाली जाऊन बघा. एखादी नळी तुंबली तरी पंप नेहमीसारखाच चालतो.

पाट्यांना रंग द्यावा का?

द्यावा, पण थप्पी जोडण्याआधी. पाट्यांच्या कडांना आणि दिसणाऱ्या भागाला पातळ हात, घासणाऱ्या पृष्ठांना नाही. जोडलेल्या थप्पीवर वरून मारलेला जाड रंग पहिल्याच खड्ड्यात जोडांवर तडकतो, आणि त्या केसाएवढ्या भेगेतून शिरलेलं पाणी रंगाखालीच अडकून राहतं. जोडलेल्या थप्पीला चकचकीत रंग हवाच असेल तर कडांचे जोड मोकळे ठेवा, आणि दर वेळी वंगण देताना तिथला रंग खरवडून पुन्हा हात फिरवायची तयारी ठेवा.